पाठक मॅडमचं ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं पर्समधून भिंग काढलेलं मी माझ्या सगळ्या धंद्यात एकदाच पाहिलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि कार्डाची गिऱ्हाइकं दोन प्रकारची असत. एक, वडिलांना सोबत घेऊन येणारी कॉलेजची मुलं. हे कार्ड अभ्यासाला लागतं असं ती वडिलांना माझ्यासमोर सांगत आणि मी मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असे. दुसरी, वडिलांना न सांगता येणारी. पाठक मॅडम या दोन्हींत बसत नव्हत्या. वय साठीच्या पुढं, इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला नकाशे ठेवायची लांब नळी. माझा भागीदार रफिक दुरुस्तीचं टेबल सांभाळायचा. त्याला वाटलं, अतिक्रमण मोजायला कुणीतरी आलंय. त्यानं मुकाट्यानं जिन्यातली खोकी आत ओढून घेतली.

"गेम खेळायला कार्ड पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"नातवासाठी का?" मी विचारलं.

"मला नातू नाही. मुलगाही नाही. मला पाहिजे."

आणि मग ते भिंग निघालं. दुकानातल्या मॉनिटरवर एका खेळातलं घर दिसत होतं. मॅडमनी त्याच्या छपरावर भिंग टेकवलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं. "ही कड दातेरी येते आहे," त्या म्हणाल्या. "तिरपी रेघ अशी असते का कुठं?"

पंधरा वर्षं कॉम्प्युटर जोडणारा रफिक उठून आला, त्यानं भिंगातून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "हौ मॅडम, दातं तर हैत. पर इत्तं बारीक कोन बघतंय?"

"मी बघते," मॅडम म्हणाल्या.

त्या पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि वरून शाईनं गिरवायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी मराठवाड्यातली धरणं, कालवे आणि चाऱ्या गिरवल्या. त्यांतल्या किती वाहिल्या ते विचारू नका, असं त्या आपणहून सांगत. एकदा रेघ मारली की ती खोडता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. वाक्य एकदाच, आणि पुरं. "बरं का", "म्हणजे कसं", "आपलं ते हे" असलं काही त्यांच्या बोलण्यात नसे. माणसांना त्या हुद्द्यानं हाक मारत. मी "दुकानदार". रफिक "फोरमन". खालचा चहावाला "कॅन्टीन". रफिकला हा हुद्दा इतका आवडला की घरी बायकोनं नावानं हाक मारली तर तो ओ देईना, असं तिनंच मला ईदच्या दिवशी सांगितलं.

खेळाचा नाद लागला तो पेन्शनमुळे. भाचा नोकरीला बंगळुरूला गेला आणि जुना कॉम्प्युटर आत्याकडे, गारखेड्याच्या फ्लॅटवर टाकून गेला. मॅडम त्यावर पेन्शनचा कसलातरी फॉर्म भरायला बसल्या आणि चुकून दुसऱ्याच चित्रावर क्लिक झालं. गाडी चालवायचा खेळ होता. डोंगर, घाट, जंगल, मोकळा रस्ता. मॅडमना खऱ्या आयुष्यात सायकलसुद्धा येत नव्हती. फॉर्म राहिला आणि त्या दिवशी त्यांनी घाट उतरला.

त्या खेळात शर्यत लावायची असते. मॅडम लावत नसत. चाळीसच्या वेगानं, डाव्या बाजूनं, सिग्नल पाळत जात. मागून येणाऱ्या गाड्या यांना ठोकत तेव्हा मॅडम गाडी बाजूला घेऊन थांबत, आणि तो माणूस काही बोलायला उतरत नाही याचं त्यांना पहिले काही दिवस नवल वाटे. घाट संपला की खाली एक मोठं तळं होतं. तिथं जाऊन त्या गाडी उभी करत. पण भाच्याच्या त्या जुन्या मशीनमध्ये चित्र खुलवणारं कार्ड नव्हतं, म्हणून तळं म्हणजे नुसता निळा पत्रा होता.

"नकाशात पाणी कसं काढतात माहीत आहे, दुकानदार?" त्यांनी मला एकदा विचारलं. "तीन आडव्या रेघा. खालची सगळ्यात आखूड. तीस वर्षं मी तेवढंच पाणी काढलं. आता मला हलणारं पाहिजे."

ते दुष्काळाचे दिवस होते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकीचे दिवस टँकर. मॅडमच्या कॉलनीत टँकर आला की सगळे बादल्या घेऊन धावत. मॅडम मात्र आदल्या दिवशी खडूनं जमिनीवर चौकोन आखून ठेवत, प्रत्येक फ्लॅटला एक. आधी लोक हसले. नंतर ज्याच्या चौकोनात दुसऱ्याची बादली दिसे तो मॅडमकडे तक्रार घेऊन जाऊ लागला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी खरी गोष्ट सांगितली, आणि तीही एका वाक्यात. त्यांना काचबिंदू होता. "कडेचं आधी जातं. मधलं शेवटी. डॉक्टर म्हणतात दोन-तीन वर्षं बरी आहेत, पुढचं सांगता येत नाही. त्याआधी मला ते तळं नीट बघायचं आहे."

मी काहीतरी दिलासा द्यायला तोंड उघडलं. मॅडमनी हात वर केला. "म्हणून मोठा मॉनिटर दाखवू नका. कडेचं मला दिसणार नाही, त्याचे पैसे मी का देऊ?"

खरं सांगतो, इतका अचूक हिशेब एकाही गिऱ्हाइकानं माझ्यापुढं मांडला नव्हता. मुलं येत आणि खिशात असेल तेवढ्याचं सगळ्यात मोठं कार्ड मागत. मग कळे की मॉनिटर जुना आहे, पॉवर सप्लाय मरतुकडा आहे आणि त्या कार्डाची अर्धी ताकद नुसती आत बसून राहणार आहे. मॅडम उलट्या बाजूनं आल्या. डोळे एवढे, म्हणून मॉनिटर एवढा, म्हणून कार्ड एवढं. दुपारी बारा वाजता दुकानातच त्या डोळ्यांत थेंब घालत आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसत. त्या पाच मिनिटांतही घासाघीस चालू असे. डोळे मिटलेल्या माणसाला भाव फुगवून सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. ते उलट फार जड जातं.

पैसे त्यांचे होते, पण बेताचे. पेन्शन घराची, असा त्यांचा नियम. कार्ड येणार ते पाट्यांच्या पैशातून. शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं सरकत चाललं होतं, गारखेड्याच्या मागं इमारतीमागून इमारत उठत होती आणि प्रत्येक नव्या फ्लॅटला दारावर नाव लागत होतं. मॅडम ती नावं हातानं रंगवून देत. अक्षर असं की छापल्याचा भास व्हावा. लोक म्हणत, जरा वेलबुट्टी काढा. मॅडम म्हणत, "घर तुमचं आहे ना? मग संकोच कशाला? सरळ लिहू." आणि सरळच लिहीत.

कार्ड निवडायची त्यांची रीत मी नंतर कितीतरी जणांना सांगितली, पण कुणाला जमली नाही. नळीतून त्यांनी ट्रेसिंग पेपरचे तीन ताव काढले. तिन्हींवर एकसारखी वीस घरं आखलेली, प्रत्येक घर म्हणजे बाजारातलं एक कार्ड. पहिला ताव भावाचा; जे परवडत नाही त्याचं घर काळ्या शाईनं भरलेलं. दुसरा विजेचा, जे कार्ड भाच्याच्या त्या मशीनला झेपणार नाही ते काळं. तिसरा मापाचा, ज्याची लांबी-रुंदी त्यांच्या चपट्या कॅबिनेटमध्ये बसत नाही ते काळं. तिन्ही ताव एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या काचेला लावले. ज्या घरातून उजेड येईल ते कार्ड आपलं.

उजेड कुठूनच आला नाही.

"मॅडम, ये तो अमावस हो गई," रफिक म्हणाला.

"भावाचा ताव पुन्हा काढावा लागेल," मॅडम म्हणाल्या आणि सगळं गुंडाळून निघून गेल्या. पुढं दर महिन्याला त्या नवा भावाचा ताव घेऊन येत राहिल्या. पाट्यांचे पैसे साठत होते, भाव खालीवर होत होते. रफिक आता वाट बघायचा. खिडकीची काच तो आदल्या दिवशी पुसून ठेवायचा. माझ्या दुकानात काच पुसली जाण्याचं दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

मधल्या एका खेपेला मी त्यांना एक कार्ड चालवून दाखवलं. मुलांना दाखवायचो तोच खेळ लावला, बंदुकांचा. सैनिक धावतायत, गोळ्या सुटतायत, धूर उडतोय. मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "या माणसांना बाजूला करा, मागचा डोंगर दिसू द्या."

"मॅडम, ते आपल्याला मारायला आलेत," मी म्हटलं.

"मारू द्या. त्या डोंगरावरची झाडं एकाच छापाची आहेत."

तेवढ्यात आमचा सैनिक मेला. त्याच्या डोळ्यांपुढं शेवटी तो डोंगर होता, एवढंच काय ते समाधान.

आणि एका महिन्यात उजेड आला. तिसऱ्या ओळीतल्या एका घरातून खिडकीतलं ऊन सरळ रफिकच्या नाकावर पडलं. साधंसंच कार्ड, विजेची वेगळी वायर न मागणारं, पण पाणी हलवणारं. दुकानात तसं एकच होतं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात एका इमारतीच्या पाट्यांचे पैसे येणार आहेत. बाजूला ठेवा." मी म्हटलं, ठेवतो. आगाऊ काही मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि खोक्यावर स्वतःच्या हातानं "पाठक" असं लिहिलं. सरळ, काळं, न पुसणारं.

त्याच दिवसांत कार्डांच्या बाजाराला वेड लागलं. कुठंतरी लोक कॉम्प्युटरवर नाणी तयार करायला लागले होते, त्याला ढिगानं कार्डं लागायची, आणि ते वेड आमच्या जिन्यापर्यंत आलं. चौथ्या दिवशी एक माणूस गाडीतून उतरला आणि म्हणाला, आहेत तेवढी सगळी द्या. भाव त्यानं स्वतःच दीडपट सांगितला. मी सगळी काढली. एक राहिलं. "ते काय ठेवलंय?" त्यानं विचारलं. "ते दिलेलं आहे," मी म्हटलं. त्यानं दुप्पट सांगितले.

रफिक माझ्याकडं बघत होता. मी रफिककडं बघितलं नाही. खोक्यावरचं नाव पुसता येत नव्हतं म्हणून मी कार्ड काढून नुसतं दिलं आणि रिकामं खोकं पुन्हा फळीवर ठेवलं. का ठेवलं ते मला आजही सांगता येणार नाही. रफिक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि चहा खाली जाऊन प्यायला.

मॅडम ठरल्या दिवशी आल्या. पर्समध्ये पाकीट होतं, ते त्यांनी आधी काउंटरवर ठेवलं आणि मग फळीवरचं खोकं उचललं. मी म्हटलं, "मॅडम, कार्ड खराब निघालं. कंपनीकडं परत पाठवलं."

त्यांनी खोकं हातात तोलल्यासारखं केलं. "बरं," म्हणाल्या. नळीतून भावाचा ताव काढला, काउंटरवर पसरला आणि ते एक पांढरं घर काळ्या शाईनं भरून टाकलं. शाई वाळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग पाकीट उचललं आणि गेल्या. मी जिन्यापर्यंत पोचवायलाही उठलो नाही. इतका हलकटपणा मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही, आणि केला तेव्हा तो इतका फायद्याचा कधी नव्हता.

त्यानंतर कितीतरी महिने भाव उतरले नाहीत. मॅडम तरीही दर महिन्याला येत राहिल्या. ताव खिडकीला लावायचा, काळोख बघायचा, कॅन्टीनचा चहा घ्यायचा, परत. बदल एवढाच झाला की जिना चढताना त्या कठडा धरू लागल्या. काउंटरवर ठेवलेला कप त्यांच्या कोपरानं दोनदा सांडला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "इथं कप ठेवायची पद्धत चुकीची आहे." रफिकनं काउंटरवर खडूनं कपाचा गोल आखला, त्यांच्या बरोबर समोर.

मग एकदाचं ते नाण्यांचं वेड बसलं आणि वापरलेली कार्डं पोत्यानं बाजारात आली. रफिक म्हणाला, "मॅडम, नक्को. ये रात-दिन राबलेले कार्डं हैत. कधी बसतील भरवसा नाय."

"मीही तीस वर्षं राबलेलीच आहे, फोरमन," मॅडम म्हणाल्या. "बसले का?"

आठ कार्डं त्यांनी ओळीनं मांडायला लावली आणि प्रत्येकाचा सोल्डरिंगचा एकेक टाका भिंगातून तपासला. त्यात पूर्ण दुपार गेली. सहावं कार्ड त्यांना पसंत पडलं. अर्ध्या भावात मिळालं, आणि त्यांना हवं होतं त्याहून थोडं वरचंच होतं. मी आणखी कमी करायला निघालो तर म्हणाल्या, "भाव ठरला आहे, दुकानदार."

कार्ड बसवायला रफिक आणि मी दोघंही गारखेड्याला गेलो. एका कार्डासाठी दोघांनी जायची गरज नव्हती, पण रफिकनं दुकानाला कुलूप लावलं. मॅडमनी कॅबिनेटचं चित्र पूर्ण मापात काढून भिंतीवर लावलं होतं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, कार्ड कसं आत बसेल ते तुटक रेघेनं दाखवलेलं. रफिकनं कार्ड बसवलं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. आणि झाकण लागेना. कार्डावर पंखा होता आणि पंख्याला जाडी होती.

मॅडम कधी चित्राकडं, कधी झाकणाकडं बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "सेक्शन काढायचंच राहिलं," त्या म्हणाल्या. "जाडी दाखवायला वेगळं चित्र काढतात हो. इंजिनिअर विसरले की मी त्यांच्या टेबलावर नकाशा आपटत होते. आणि कागदाला जाडी नसते हे आज माझ्याच लक्षात आलं नाही."

झाकण कापायचं ठरलं. कुठं कापायचं ती रेघ मॅडमनी पत्र्यावर मारली. रफिक करवत घेऊन बसला आणि तासभर त्या रेघेवरून तसूभर ढळला नाही. असं काम त्यानं माझ्या दुकानात कधी केलं नव्हतं. झाल्यावर मॅडमनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "फोरमन, चांगलं आहे." रफिकनं हात धुवायला पाणी मागितलं. घरात ते मोजकंच होतं, तरी मॅडमनी तांब्याभर दिलं, आणि तो जिन्यात जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

आता त्या कन्नडला भावाकडं असतात. मी त्यांना त्यानंतर पाहिलेलं नाही. म्हणून मला दिसतात त्या त्या दिवशीच्याच. मॉनिटरपुढं ताठ बसलेल्या, चाळीसच्या वेगानं घाट उतरणाऱ्या, वळणावर हॉर्न देणाऱ्या. समोरच्या छपराची कड आली तशा त्या थांबल्या, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "रेघ सरळ आहे." मग तळं आलं. गाडी बाजूला उभी राहिली. पाण्यावर बारीक लाटा होत्या, डोंगराची सावली त्यात हलत होती. मीसुद्धा तेवढा वेळ बघत राहिलो. खाली कुठंतरी टँकरचा हॉर्न वाजला, तरी मॅडम उठल्या नाहीत.

मला राहवलं नाही. "मॅडम, ते पहिलं कार्ड खराब नव्हतं. मी विकलं होतं."

त्यांनी नजर हलवली नाही. "माहीत आहे. खराब माल परत जातो तो खोक्यासकट जातो. मी सरकारी खात्यात होते, दुकानदार."

"मग पुन्हा माझ्याकडं कशाला आलात?"

"औरंगपुऱ्यात जिन्याला कठडा असलेलं तेवढं एकच दुकान आहे."

मी हसलो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, असंही मला वाटलं. मॅडमनी माउस हळूच डावीकडं सरकवला आणि तळ्याचा एक काठ पाहिला. मग उजवीकडं सरकवला आणि दुसरा पाहिला. पुन्हा डावीकडं.

"तेव्हा दोन्ही काठ एकदम दिसत होते मला," त्या म्हणाल्या. "आता हा बघायचा, मग तो बघायचा." आवाजात राग नव्हता. जे होतं ते सांगितलं.

मी त्यांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा होतो. त्या काठावरून काठावर जात राहिल्या. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "दुकानदार, आहात ना?"

त्यांच्यापासून मी हातभर अंतरावर होतो. म्हटलं, "आहे मॅडम."